शेपटीतला ठोका गेला: २७३२ आणि म्यू-लॉ

जुन्या ड्रम मशीनच्या २७३२ चिपवर (ईप्रॉम, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी मेमरी) भरलेल्या किकच्या, म्हणजे बास ड्रमच्या ठोक्याच्या, शेवटी येणारा तो ‘ठक्’ अखेर गेला! दोष सॅम्पलमध्ये (रेकॉर्ड केलेल्या आवाजात) नव्हताच, चिपच्या रिकाम्या जागेत होता.

मागच्या नोंदीत चिपवर भरलेली फाइल ८-बिट लिनियर होती, म्हणजे आकडे लाटेच्या उंचीच्या सरळ प्रमाणात. लिनड्रम, डीएमएक्स या ड्रम मशीनांतला एएम६०७० जातीचा डॅक (आकड्यांची आवाजाची लाट करणारी चिप) म्यू-लॉ मागतो, म्हणजे हळू आवाजाला बारीक आणि मोठ्याला जाड पायऱ्या देणारी मांडणी: एक बिट चिन्हाचा, तीन कॉर्डचे (पट्ट्याचे), चार स्टेपचे (पट्ट्यातल्या पायरीचे). लिनियर बाइट दिले की लाटेची वरची बाजू कशीबशी ओळखू येते, खालची पार उलटते.

मग सॉक्स (SoX) या ऑडिओ प्रोग्रॅममधून मोनो, २८ किलोहर्ट्झ, हेडरविना (फाइलच्या सुरुवातीची माहिती वगळून) म्यू-लॉ काढला. आता ठोका दबका आणि शेपटीला कान फाडणारी खरखर. टेलिफोनच्या जी.७११ मध्ये बिट उलटवून ठेवतात, म्हणून तिथली शांतता २५५. डॅकला मात्र २५५ म्हणजे धन बाजूचं टोक. शून्याजवळ घुटमळणारा आवाज या टोकावरून त्या टोकाला उड्या मारत राहतो. प्रत्येक बाइट १२७ शी एक्सॉर (ठरावीक बिट उलटवणारी क्रिया) केला की चिन्ह तसंच राहतं, खालचे सात बिट उलटतात आणि शांतता १२८ वर येते. २५५ शी केलं तरी फक्त पोलॅरिटी (लाटेची वरची-खालची बाजू) उलटते. एकट्या किकमध्ये ते जाणवत नाही.

राहिला तो ठक्. २७३२ मध्ये ४०९६ बाइट, म्हणजे २८ किलोहर्ट्झला जेमतेम ०.१४६ सेकंद. किक ३६०० बाइटांत संपली आणि उरलेल्या ४९६ जागा २५५ च राहिल्या, कारण कोऱ्या ईप्रॉमचा बाइट तोच. शांततेतून डॅक थेट टोकाला! तिथे १२८ भरा, आणि शेवटच्या २०० सॅम्पलांचा फेडआउट लिनियरमध्ये असतानाच करा. आता शेपूट इतकी स्वच्छ विरते की पुन्हा पुन्हा पॅड दाबावासा वाटतो.

मूळ चिपचा डंप (तिच्यातल्या बाइटांची नक्कल) आधी काढाच. शेवटी १२८ दिसले तर वरचीच रीत. १ दिसले तर डेटा लाइनींचा क्रम उलटा आहे. एक्सॉरनंतर आठही बिट आरशासारखे फिरवा.

चिप जाळताना (तिच्यात डेटा लिहिताना) २७३२ ला २५ व्होल्ट लागतात, २७३२ए ला २१; ‘ए’ला २५ दिले तर ती गेलीच. टीएल८६६-टू प्लस हा प्रोग्रॅमर (चिप लिहिणारं यंत्र) १८ च्या वर जात नाही आणि त्याला बाहेरून व्होल्टेज जोडायचे जुगाड मला पटत नाहीत.

खरं तर २७३२ चा हट्टच कशाला? २७सी२५६ ला १३ व्होल्टच्या आसपास पुरतात आणि तिच्यात ४ केबीचे आठ खण बसतात. २४ पिनी सॉकेटात ही २८ पिनी चिप खालच्या टोकाला जुळवून बसवायची, पण २६ नंबरची पिन उचलून: सॉकेटात तिथे ५ व्होल्ट येतात आणि या चिपवर ती ए१३ (पत्त्याची एक लाइन) आहे. ते ५ व्होल्ट २८ आणि १ नंबरच्या पिनांना द्यायचे. खण निवडायला ए१२, ए१३, ए१४ तीन टॉगलवर, प्रत्येकी १० के पुल-डाउन (टॉगल बंद असताना लाइन शून्यावर ओढणारा रोधक). आधी पहिल्या खणात हीच किक, मग बाकीचे सात. प्रत्येक खणाची शेपूट १२८ ने वेगळी भरायची.