नळीवरचे नाव

माझी आत्या मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात परिचारिका झाली. सर विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली सुरू केलेल्या त्या रुग्णालयात दिवसाची सुरुवात प्रार्थनेने होत असे आणि वॉर्डात पाऊल टाकण्यापूर्वी सगळ्यांनी मिळून देवाचे नाव घेतलेले असे, हे ती आम्हांला नेहमी सांगायची. मी जेथे 19 वर्षे नोकरी करते आहे, तेथे अशी वेळ राखून ठेवलेली नाही आणि ती असावी असा माझा आग्रहही नाही. हात साबणाने नीट धुवायचे तर 40 ते 60 सेकंद लागतात, आणि प्रभूची प्रार्थना सावकाश म्हटली तर तेवढ्याच वेळात ती पुरी होते. म्हणून दोन रुग्णांच्या मध्ये, नळाखाली हात धरून, मी ती मनातल्या मनात म्हणते. ज्या रात्रीविषयी लिहिणार आहे, त्या रात्री ती मला पुरी करता आली नाही.

जुलै महिना होता आणि पाऊस थांबत नव्हता. प्रसूती विभागात 34 रुग्ण होते आणि आम्ही दोघी परिचारिका. पलंग क्रमांक 7 वरच्या बाईला प्रसूतीनंतर बराच रक्तस्राव झाला होता. तो आता आटोक्यात आला असला तरी हिमोग्लोबिन 6.2 वर उतरले होते, नाडी 120 च्या खाली येत नव्हती आणि डॉक्टरांनी रक्त चढवायला सांगितले होते. पलंग क्रमांक 11 वरच्या बाईची सकाळी शस्त्रक्रिया होती, म्हणून तिचाही रक्तगट तपासायचा होता. दोघींचे आडनाव एकच आणि पहिल्या नावांत एका अक्षराचा फरक. दोघींजवळही आधीच्या तपासण्यांचे कार्ड नव्हते.

नियम साधा आहे. रुग्णाला तिचे नाव तिच्याच तोंडून सांगायला लावायचे, रक्त काढायचे आणि पलंगापासून हलण्यापूर्वी नळीवर लेबल लावायचे. मी दोघींचे रक्त काढले, पण 11 नंबरजवळ उभी असतानाच समोरच्या कोपऱ्यातल्या, रक्तदाब वाढलेल्या गरोदर बाईला आकडीचा झटका आला. पहिल्या नळीवर लेबल लावायचे काम मी ‘दोन्ही एकदमच करू’ म्हणून आधीच पुढे ढकलले होते. चूक खरे तर तेथेच झाली होती, झटका नंतर आला. जांभळ्या टोपणाच्या दोन्ही नळ्या ट्रेमध्ये टाकून मी धावले. मॅग्नेशियम सल्फेटचे चार ग्रॅम शिरेतून हळूहळू, मग पाच-पाच ग्रॅम दोन्ही कमरांत, तोंड एका कुशीला, प्राणवायू, लघवीची नळी. यात अर्धा तास गेला. परत आले तेव्हा डावीकडची नळी 7 ची आणि उजवीकडची 11 ची, असे मला स्पष्ट आठवत होते. मी टेबलाशी बसून लेबले लावली, सही केली आणि वॉर्डातल्या मामांच्या हाती नळ्या रक्तपेढीत पाठवून दिल्या.

पहाटे चारच्या सुमारास हात धुताना ‘आमची ऋणे आम्हांस सोड’ येथपर्यंत आले आणि मला तो ट्रे दिसला. मी धावत गेल्यावर तो मावशींनी उचलून बाजूच्या टेबलावर ठेवला होता. उचलताना फिरला असेल का? डावे अजून डावेच होते का? मावशींना विचारले, पण त्यांना आठवत नव्हते आणि आठवण्याचे काही कारणही नव्हते. तेवढ्यात रक्तपेढीचा फोन आला की, 7 नंबरचा गट बी पॉझिटिव्ह आहे, क्रॉसमॅच जुळले आहे, पिशवी तयार आहे.

हे जुळणे म्हणजे काय, ते सांगायला हवे, कारण नातेवाइकांनाच काय, कधी कधी आम्हांलाही त्याचा फार आधार वाटतो. क्रॉसमॅचमध्ये पिशवीतले रक्त नळीतल्या रक्ताशी जुळवून पाहतात. नळीतले रक्त नळीवर लिहिलेल्या बाईचेच आहे की नाही, हे तपासण्याचे कोणतेही साधन प्रयोगशाळेजवळ नसते, निदान जुनी नोंद नसेल तेव्हा तरी नसते. ते फक्त मला ठाऊक असते. ओ गटाच्या बाईला बी गटाचे रक्त चढवले तर तिच्या शरीरातली प्रतिपिंडे त्या पेशी फोडू लागतात, मूत्रपिंडे निकामी होतात आणि जीवही जाऊ शकतो.

माझ्याबरोबरची परिचारिका माझ्याहून अनुभवी आणि मनाने अतिशय चांगली आहे. तिने लगेच मार्ग सांगितला. ‘दोघींचं पुन्हा सॅम्पल काढ आणि सांग, डॉक्टरांना ग्रुपची शंका वाटते, परत तपासा. पेशंटही सुरक्षित आणि तूही सुरक्षित.’ ते खरेच होते. दोघी बायका त्या मार्गानेही तितक्याच सुरक्षित राहिल्या असत्या. मी क्षणभर नाही, चांगली दोन-तीन मिनिटे, तसेच करायचे ठरवून उभी होते. मग मला रक्तपेढीत एकट्याने रात्रपाळी करणारा तंत्रज्ञ आठवला. शंका डॉक्टरांची म्हटली की ती त्याच्या कामावर जाते; आपलेच कुठे चुकले, हे तो सकाळपर्यंत शोधत बसला असता.

रविवारच्या उपासनेत पापांगीकाराची प्रार्थना आम्ही सगळे एका आवाजात म्हणतो. विचाराने, शब्दाने आणि कृतीने आम्ही अपराध केले आहेत, असे म्हणताना मला कधीच जड गेलेले नाही, कारण त्यात ‘आम्ही’ आहे आणि कोणता अपराध ते सांगावे लागत नाही. आपली पातके एकमेकांजवळ कबूल करा, असे बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात म्हटले आहे, आणि ते आजाऱ्यांविषयी बोलत असतानाच म्हटले आहे, हे मी शब्बाथ शाळेत शिकवलेसुद्धा आहे. वॉर्डात आम्हा ख्रिस्ती परिचारिकांच्या सेवेचे कौतुक होते आणि ते मनाला बरे वाटते. मला वाटते, म्हणूनच सेवा करणे सोपे जाते. कबुलीला मात्र वेळ, ठिकाण आणि सही लागते.

मी फोन केला. ‘7 आणि 11, दोन्ही नळ्यांना मी पलंगाजवळ लेबल लावलेलं नाही. कोणती कुणाची, याची मला खात्री नाही. दोन्ही रद्द करा, मी नवी पाठवते.’ पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, ‘बरं झालं सांगितलंत. एक तास लागेल.’

तो तास मी विसरणार नाही. डॉक्टरांना उठवून सांगितले. ते रागावले आणि त्यांचा राग रास्त होता. त्याहून अवघड होते ते 7 नंबरच्या बाईच्या आईशी बोलणे. ती खाली चटई टाकून बसली होती आणि रक्त कधी येणार, हे तिने दोनदा विचारले होते. ‘माझ्या चुकीमुळे उशीर होतोय,’ असे मी तिला सांगितले आणि काय चुकले तेही सांगितले. ती माझ्याकडे बघत राहिली. ‘आता तरी नीट बघितलंस ना, बाई?’ एवढेच तिने विचारले. मी हो म्हणाले. त्या तासात दर दहा मिनिटांनी मी त्या मुलीची नाडी पाहत होते आणि ती 124 झाली तेव्हा माझ्या तोंडून प्रार्थनेचा एक शब्दही निघत नव्हता.

नव्या तपासणीत 7 नंबर बी पॉझिटिव्ह निघाली आणि 11 नंबर ओ पॉझिटिव्ह. पहिल्या नळ्यांवरही हेच होते. म्हणजे माझी लेबले बरोबर होती, मी वाचवले कोणालाच नाही आणि रक्तासाठी ताटकळलेल्या बाईला आणखी एक तास थांबवले. सहकारी म्हणाली, ‘बघ, उगाच अंगावर ओढवून घेतलंस.’ मेट्रननी घटनेचा लेखी अहवाल मागितला, तो मी दिला आणि माझ्या सेवापुस्तकात एक शेरा लागला. पुढचे काही आठवडे मी रोज घरी जाताना स्वतःला विचारत असे की, मी देवासाठी खरे बोलले, की भीतीपोटी. उत्तर स्वच्छ मिळाले नाही. त्या बाईने सोसलेल्या तासाबद्दल मात्र मी आजही क्षमा मागते.

पिशवी आली तेव्हा उजाडत होते. मी आणि सहकारी, दोघींनी मिळून पिशवीवरचा क्रमांक, गट, मुदतीची तारीख आणि केसपेपर ताडून पाहिले. पहिली 15 मिनिटे रुग्णाजवळून हलायचे नसते, म्हणून मी स्टूल ओढून बसले. रक्त सोडण्यापूर्वी तिला नाव विचारले. ग्लानीत असलेल्या तिने डोळे न उघडता ते सांगितले. मी पुन्हा विचारले. तिने डोळे उघडले आणि या वेळी नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, एकेक अक्षर सुटे करून सांगितले.