डब्यावरचे 48 व्होल्ट

परभणीत माझं मोटार वाइंडिंगचं आणि हत्यारं दुरुस्तीचं दुकान आहे. मे महिन्यात भर दुपारी गिऱ्हाईक फिरकत नाही. त्या दिवशी मात्र जिंतूरकडचं एक पोरगं घामेघूम होऊन आलं. पत्र्याचे शेड मारायचं काम करतं.

"मामा, मशीन बंदच पडायली बघा. चार स्क्रू मारले की गप."

एका गोठ्याचे निम्मे पत्रे स्क्रूनं आवळून झाले होते, निम्म्यांवर नुसते दगड ठेवलेले. आभाळ रोज संध्याकाळी भरून यायचं. वळवाच्या वाऱ्यात सुटा पत्रा उडाला तर खालचं माणूस वाचत नाही, म्हणून त्याचा जीव खालीवर होत होता. बॅटरीची ड्रिल 2400 रुपयांना घेतलेली, पुरे वीस दिवसही झाले नव्हते. डब्यावर आणि मशीनच्या अंगावर ठळक 48 व्होल्ट.

मोटार जळाली, असं त्यानं ठरवूनच टाकलं होतं. मी आधी मशीन मोकळी फिरवून ऐकली. आवाज साफ, करकर नाही. ट्रिगर सोडला की बिट धरणारं चक जागीच थांबायचं, म्हणजे स्विचमधला ब्रेक शाबूत. मग 6 एमएमचं लांब बिट लावून टोकाकडं बघत राहिलो. स्वस्त मशीनमध्ये हे टोक हवेत गोल काढतं, आणि अशी ड्रिल मी दुरुस्तीलाच घेत नाही. हिचं टोक जवळजवळ एका जागी होतं. गिअरबॉक्स उघडली. पहिल्या टप्प्याची चाकं नायलॉनची, पुढची सगळी धातूची. नायलॉन दिसलं की लोक नाक मुरडतात, पण पहिल्या टप्प्यावर ताकद कमी येते, तिथं ते चालतं. दाते एकही झिजले नव्हते.

मग बॅटरीचे स्क्रू काढले. आत पाच सेल. लिथियमचा एक सेल 3.6 व्होल्टचा, पुरता भरला तर 4.2. पाचांचे झाले 18, भरल्यावर 21. बाजारात 18, 20, 21 अशी जी वेगवेगळी नावं दिसतात, ती बहुतेक याच पाच सेलांची. 48 च्या जवळ जायलाच तेरा लागतील, आणि तेरा सेल त्या खोक्यात मावतच नाहीत. पोरगं सेल मोजत होतं. दोनदा मोजले त्यानं.

बॅटरी भरलेली होती. चार सेल 4.1 च्या वर, पाचवा 3.3. उघड्या बॅटरीच्या वायरी मशीनला जोडल्या, मीटर त्या पाचव्या सेलवर लावलं आणि पोराला बाभळीच्या ठोकळ्यात स्क्रू मारायला सांगितलं. बाभूळ मुद्दाम घेतो, मऊ लाकडात कुठलीही ड्रिल पैलवान वाटते. स्क्रू अर्धा आत गेला आणि आकडा 3, 2, 1 करत शून्याच्या खाली गेला. मीटरवर वजाची खूण. त्या सेलचं देणं बंद झालं होतं, बाकीचे चौघं त्याच्यातून उलटा करंट ढकलत होते. बॅटरीतला सर्किटचा बोर्ड एकूण व्होल्टेज बघून मशीनचा करंट तोडत होता. एकेका सेलवर नजर ठेवायला मधली वायर एकही नव्हती. आणि कामावर हे सगळं व्हायचं तापलेल्या पत्र्यावर, उन्हात.

सेल सोडवून काट्यावर ठेवले. या मापाचा चांगला सेल 45 ग्रॅमच्या आसपास भरतो. हे 34 भरले. मला राग आला तो इथं. ज्यानं मशीन बनवली त्यानं चक नीट बसवलं, गिअर नीट बसवले, आणि पोराच्या रोजच्या पोटाचं सामान जिथं आहे तिथं पोकळ माल भरला.

"एकच बदला की मामा, पैसे कमी लागतील."

नाही म्हणालो. जुन्यात नवा घातला की महिन्यात पुन्हा तेच. लॅपटॉपचे काढलेले सेलही नको, ते जास्त वेळ चालतात पण ड्रिल मागते तेवढा करंट देत नाहीत. माझ्याकडं हत्यारांसाठीचे जादा करंटचे सेल होते. पाचही नवे, प्रत्येक सेलची वायर घेणारा बोर्ड, पट्ट्या स्पॉट वेल्डिंगनं. सेलला सोल्डरिंगचा डाग देऊ नये, उष्णतेनं आतून बिघडतो. चार्जरही तपासला, 21 वर थांबत होता. तो पुढं गेला असता तर मशीन परत दिलीच नसती.

पाचच्या सुमारास पुन्हा ठोकळा, मग 2 एमएमच्या चौकोनी पाइपवर रबर वायसरचे स्क्रू. सलग चाळीस मारले. बॅटरी कोमट झाली, एवढंच.

सेलचे आणि बोर्डाचे पैसे घेतले, मजुरी गोठा झाल्यावर दे म्हटलं. "गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नको, सावलीत गार होऊ दे. आणि पत्र्यावर ठेवू नको लेकरा."

त्यानं बॅटरी दस्तीत गुंडाळून पिशवीत घातली. आभाळ जिंतूरच्या बाजूला काळं झालं होतं. किक मारता मारता म्हणाला, "अंधार पडायच्या आत दोन ओळी तरी आवळतो."