हॅड गॉन… मग?

ठाण्यातल्या ऑफिसांत सोमवारी सकाळी हमखास कानावर पडणारं वाक्य : 'यस्टरडे वुई हॅड गॉन टू उपवन.' एवढं बोलून माणूस चहाचा घोट घेतो. समोर मराठी माणूस असेल तर 'गर्दी होती का?' असं विचारून मोकळा होतो. फोनवर लंडनचा क्लायंट असला की तो बिचारा ताटकळतो. कारण इंग्रजीत 'हॅड गॉन' म्हटलं की त्यानंतर आणखी काहीतरी घडायला हवं. आम्ही उपवनला गेलो होतो आणि तेवढ्यात घरात चोर शिरले, असं काहीसं. आपल्याकडे कुणीच शिरलेलं नसतं. आपण नुसते तळ्याकाठी भजी खाऊन आलेलो असतो.

हा सगळा आपल्या 'गेलो होतो'चा प्रताप. मराठीत 'गेलो होतो' म्हणजे गेलो आणि परतही आलो, विषय संपला.

'सिन्स'चंही तेच. 'दोन वर्षांपासून ऐरोलीत राहतोय' हे जसंच्या तसं उचललं की 'आय ॲम स्टेइंग इन ऐरोली सिन्स टू इयर्स' तयार. तिथे खरं तर 'हॅव बीन' हवं, आणि 'सिन्स'पुढे सुरुवात सांगायची, म्हणजे सिन्स अमुक साल. मुदत सांगायची तर 'फॉर'. असेल. ऐरोलीत राहतो एवढं कळलं ना?

'डिडन्ट केम' मात्र मला मनापासून आवडतं. भूतकाळाचं काम 'डिड'ने केलेलं असतं, पुढच्या क्रियापदाने साध्या रूपात यायचं. पण सरकारी कचेऱ्यांत वाढलेले आपण, एका शिक्क्यावर आपला भरवसा कसा बसणार?

सोसायटीच्या फळ्यावर 'टुमारो वॉटर विल बी रिमेन क्लोज' अशी नोटीस लागते. त्यातल्या 'बी'वर वाद घालू नये, मुकाट बादल्या भराव्यात. खरी गोची निराळीच : खाली तारीख नसते. त्यामुळे नोटीस फळ्यावरून उतरेपर्यंत पाणी रोज उद्याच जाणार असतं.

ज्यांची इंग्रजी हीच मायबोली, त्यांच्यातलेही कितीतरी 'शुड हॅव वेंट' बोलतात, 'शुड हॅव'च्या जागी 'शुड ऑफ' लिहितात. खुद्द 'वेंट' तरी कुठे 'गो'चं? 'वेंड' नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ 'गो'ने कधीकाळी पळवला, तो आजतागायत परत केलेला नाही.

आणि काळाशी खेळायचं म्हटलं तर आपण मराठीतही मागे नाही. लोकल घणसोलीत उभी असते आणि माणूस फोनवर बिनदिक्कत सांगतो, 'अगं, पोचलोच ठाण्याला!' पलीकडून 'बरं' येतं आणि कुकर अर्ध्या तासाने लागतो.