दोघांचं सामान, एक सायकल

पहिला दिवस, फ्रेंच आल्प्समधलं बूर द्वाझाँ गाव (720 मीटर)

नेहमीचा जोडीदार यंदा नाही, हे खरं कळतं ते सायकलची पेटी उघडल्यावर. दोघांच्या सहलीत पंप एकाकडे, चेन तोडायचं हत्यार दुसऱ्याकडे, असं सगळं वाटून घेतलेलं असतं. एकट्याला सगळंच लागतं. दोन ट्यूब, पॅच, टायर फाटलाच तर आतून लावायला जुन्या टायरचा बोटभर तुकडा, आपल्या चेनच्या स्पीडचाच (म्हणजे मागे जितक्या चकत्या तितक्याचा) चेनजोड, आणि डिरेलर हँगर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा डिरेलर फ्रेमला ज्यावर टांगतात तो छोटा तुकडा. हँगर जवळजवळ प्रत्येक मॉडेलचा निराळा. डोंगरातल्या दुकानात मिळेल या भरवशावर राहू नये. विमानप्रवासात वाकतो तोही हाच. म्हणून मागचा डिरेलर काढून, फडक्यात गुंडाळून, फ्रेमच्या आत बांधायचा. हँगर वाकलाय हे सपाटीवर लक्षात येत नाही. चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर गेली की डिरेलर चाकाच्या तारांत घुसतो, आणि ती चकती लागते नेमकी चढावर.

हे सगळं मिळून किलोभर भरतं. वजनाला घाबरणाऱ्यांसाठी हिशोब: माणूस आणि सायकल 85 किलो, चढ दीड तासाचा, तर एक किलोने जेमतेम एक मिनिट वाढतं. मुकाट्याने न्यावं.

एकाने आवळलेले बोल्ट दुसऱ्याने तपासायचे, ही चांगली सवय मात्र एकट्याला परवडत नाही. त्यावर तोड अशी की जोडणी रात्री करायची आणि तपासणी सकाळी, ताज्या डोळ्यांनी. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळून बघायचं. स्टेमचे (हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्याचे) बोल्ट त्यावर छापलेल्या आकड्याइतकेच आवळायचे, बहुधा 5 न्यूटन-मीटर.

दुसरा दिवस, आल्प द्युएझ

चढ 13.8 किलोमीटर, सरासरी 8.1 टक्के, उंचीत सुमारे 1,100 मीटरची भर. पुण्याच्या भाषेत, जवळपास दोन सिंहगड एकावर एक. वळणं 21, आकडे उलटे. खालच्या 21 नंबरच्या पाटीवर 1952 चा विजेता फाउस्तो कोप्पी. टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत इथे पहिल्यांदा आली ती त्याच वर्षी.

घात होतो तो सुरुवातीलाच. पहिले दोन किलोमीटर 10 टक्क्यांच्या आसपास आहेत आणि पाय ताजे असतात. पुढे 34 दात्यांची आणि मागेही 34 ची चकती असेल तर पायडलच्या मिनिटाला 60 फेऱ्या मारत ताशी साडेसात किलोमीटरने निभावतं. मागे 28 असेल तर त्याच वेगाला फेऱ्या 50 च्या खाली जातात आणि गुडघे बोलू लागतात.

फ्रान्समध्ये गाडी उजवीकडून चालवतात. त्यामुळे डाव्या वळणावर आपण बाहेरच्या, सपाट कडेने जातो. पाणी तिथे प्यायचं. उजव्या वळणावर आतली तीव्र बाजू वाट्याला येते. गियर वळणाच्या आधीच उतरवायचा, जोर लावलेला असताना नाही.

मागे लागून वारा वाचवायला जोडीदार हवा होता का? इथे अजिबात नाही. 9 च्या वेगाने लागणाऱ्या साधारण 180 वॅटपैकी हवा खाते तीन-चार. चढावर माणूस तसाही एकटाच असतो. दोघांची लय क्वचितच जुळते. गप्पा मात्र उपयोगी होत्या. बोलता येईनासं झालं की जोर जास्त झालाय हे कळायचं. त्याऐवजी एकवीसचा पाढा पुटपुटावा. दहाव्या ओळीआधी धाप लागली तर वेग कमी करायचा. (तिथल्या लोकांना वाटायचं ते वाटू दे.)

तिसरा दिवस

ग्लाँदों घाट (1,924 मीटर) ओलांडून मोरिएन खोऱ्यात. लांबलचक चढ, मुक्काम सँ-मिशेलला.

चौथा दिवस, गालिबिए घाट (2,642 मीटर)

आधी तेलेग्राफ घाट: 11.8 किलोमीटर, 1,566 मीटरपर्यंत. मग पाचेक किलोमीटर उतार, व्हालुआर गाव, आणि तिथून पुन्हा 18 किलोमीटर चढ. बाटल्या व्हालुआरला भरून घ्यायच्या. ‘ओ पोटाब्ल’ लिहिलेला नळ पिण्याचा. मध्ये ‘नों’ असेल तर सोडून द्यायचा. ताशी 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. ‘खाल्लंस का?’ विचारणारं कोणी नाही, म्हणून घड्याळात दर 20 मिनिटांचा गजर.

माघारीचा निर्णय दोघांत वाद घालून होतो. एकट्याने तो व्हालुआरलाच, डोकं थंड असताना घ्यायचा: दुपारी एकपर्यंत चढावरचं प्लाँ लाशा गाठलं नाही, किंवा गडगडाट ऐकू आला, तर परत. उन्हाळ्यात आल्प्समध्ये वादळं बहुधा दुपारनंतरच चढतात. प्लाँ लाशाला रस्ता उजवीकडे ओढा ओलांडतो आणि उरलेले आठ किलोमीटर खरे गालिबिए. बोगद्याच्या वरून जाणारा शेवटचा किलोमीटर 10 टक्क्यांच्या घरात.

माथ्यावर व्हालुआरपेक्षा आठेक अंश कमी. इथे एकटेपणाचा उघड फायदा: मागच्याची वाट बघत घामाच्या कपड्यांत कुडकुडायचं नाही. जाकीट, पूर्ण बोटांचे हातमोजे, की लगेच खाली. ब्रेक सतत घासत ठेवायचे नाहीत. वळणाआधी जोरात दाबायचे, मग मोकळे सोडायचे, म्हणजे त्यांना थंड व्हायला वेळ मिळतो. उतारावर टूरचे संस्थापक आँरी देग्रांज यांचं स्मारक लागतं. माथ्यापासून साडेआठ किलोमीटरवर लोतारे घाट.

तिथून बूर द्वाझाँकडे बोगदे आहेत. मागचा दिवा लावायचा आणि काळा चष्मा तोंडाशीच उतरवायचा. जोडीदाराची खरी उणीव भासते ती बूर द्वाझाँच्या अलीकडच्या सपाट पट्ट्यात. दुपारचा वारा खोऱ्यातून वर, थेट तोंडावर येतो. वारा नसतानाही 28 च्या वेगाला जवळपास तीन चतुर्थांश ताकद हवेतच जाते. वेग 22 वर आणला की हवेची मागणी निम्मी होते. तेवढंच करायचं, हँडल खालून धरायचं आणि उशिरा पोचायचं.

पुढचे ब्रेक-पॅड एक मिलिमीटरवर आलेत. आज रात्री नवे बसवायचे, सकाळी सपाट गल्लीत वीसेक वेळा वेग घेऊन, हळूहळू दाबत ते बसते करायचे. मगच पुढचा घाट, क्रुआ द फेर.