'प्रिपेअर' नावाची स्क्रिप्ट आणि अबक पाटील

लातूरच्या एका आडत दुकानासाठी मी हिशोबाचं सॉफ्टवेअर लिहितो. सोयाबीनचे कट्टे आले की वजन आणि भाव टाकायचा, हमाली-तोलाई वजा होऊन शेतकऱ्याच्या हिशोबाची पट्टी छापून निघते. नोडवर, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामवर, चालणारं साधंच काम. पण दोन वर्षांत पॅकेज डॉट जेसन या प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमधल्या स्क्रिप्टचा, म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या कमांडींचा, पार उकिरडा झाला होता. बिल्ड, बिल्ड-दोन, बिल्ड-नवा, बिल्ड-फायनल. या स्क्रिप्ट चालवतं ते नोडसोबत येणारं एनपीएम; नुसतं 'एनपीएम रन' टाकलं की सगळ्या स्क्रिप्टची यादी येते. माझी यादी पडद्यावर मावेना. मोजल्या तर 34, त्यातल्या रोज लागणाऱ्या सहा. बाकीच्या कशाला लिहिल्या ते लिहून ठेवावं म्हटलं तर जेसनमध्ये कॉमेंटची सोय नाही.

एकटा होतो तोवर खपलं. दसऱ्याच्या आधी, आवक वाढायच्या सुमारास, नांदेडच्या एका पोराला सोबत घेतलं. पहिल्याच दिवशी त्याचा फोन: "दादा, बिल्ड होईना गेलंय. नोड-एन्व्ह नावाची कमांडच नाही म्हणतंय." माझ्याकडं उबुंटू (लिनक्स), त्याच्याकडं विंडोज. तिथं एनपीएम स्क्रिप्ट सीएमडी या विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून चालवतं, आणि कमांडच्या आधी नोड-एन्व्हसारखं व्हेरिएबल लिहायची आपली पद्धत त्याला कळत नाही. क्रॉस-एन्व्ह नावाचं पॅकेज टाकून ते भागलं.

दुसऱ्या दिवशी सर्व्हर चालू, पण कोड बदलला तरी पडद्यावर काहीच हलेना. यात अर्धा दिवस गेला. सर्व्हर आणि वॉच (कोड बदलला की पुन्हा बिल्ड करणारी) या दोन कमांडींमध्ये मी एकच अँपरसँड (&) ठेवला होता. लिनक्सवर त्यानं पहिली कमांड मागं जाते आणि दुसरी लगेच सुरू होते. सीएमडीत त्याच चिन्हाचा अर्थ 'पहिली संपली की दुसरी'. आता सर्व्हर संपणार कधी आणि वॉचची पाळी येणार कधी!

खरा घोळ तिसऱ्या दिवशी झाला. दुकानातल्या मुनीमकाकांचा फोन आला. "अहो इंजिनिअर, ह्यो अबक पाटील कोण? असा शेतकरी आपल्याकडं येत न्हाई."

पोटात गोळा आला. अबक पाटील हा माझ्या खोट्या डेटातला शेतकरी. चाचणीच्या डेटाबेसमध्ये काकांनी सराव म्हणून दोन दिवस बसून 80 पट्ट्या भरल्या होत्या, त्या सगळ्या गेल्या आणि जागेवर अबक पाटील बसला. पोराला विचारलं तर तो शपथेवर सांगू लागला, "मी फक्त एनपीएम इन्स्टॉल केलं, दादा." मी त्याला बरंच बोललो. नंतर त्यानं टर्मिनलचा फोटो पाठवला, आणि त्यात बाणाच्या खुणेपुढं शब्द दिसला: प्रिपेअर.

ती स्क्रिप्ट माझीच. चाचणीची तयारी करायची, म्हणजे टेबल पुसायचं आणि खोटा डेटा भरायचा, म्हणून नाव 'प्रिपेअर'. पण एनपीएमसाठी हे राखीव नाव आहे. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये नुसतं 'एनपीएम इन्स्टॉल' (लागणारी पॅकेजं बसवायची कमांड) केलं तरी ही स्क्रिप्ट आपोआप चालते. माझ्या मशीनवर सगळं आधीच बसवलेलं, त्यामुळं माझ्या कधी लक्षात आलंच नाही. आणि त्याला दिलेल्या सेटिंगच्या फाइलमध्ये पत्ता होता त्याच चाचणीच्या डेटाबेसचा. पोराला सॉरी म्हटलं.

त्या रात्री यादी घेऊन बसलो. 'प्री' किंवा 'पोस्ट' लावलेलं नाव असलं की मूळ स्क्रिप्टच्या आधी-नंतर ते आपोआप चालतं. माझ्याकडं एक 'व्ह्यू' होती आणि एक 'प्रिव्ह्यू'. म्हणजे व्ह्यू चालवली की आधी प्रिव्ह्यू पळत होती, आणि मी इतके दिवस पहिला पडदा उघडायला वेळ का लागतो म्हणून मशीनला शिव्या देत होतो.

मग एनपीएस हे स्क्रिप्ट सांभाळणारं पॅकेज घेतलं. यात स्क्रिप्ट जेसनमध्ये न ठेवता वेगळ्या जावास्क्रिप्ट फाइलमध्ये ठेवता येतात. 'इनिट' केलं की जुन्या स्क्रिप्टवरून ती फाइल तेच तयार करून देतं. कॉमेंट लिहिता येते, प्रत्येक स्क्रिप्टला वर्णन देता येतं, आणि गट पाडता येतात: 'बिल्ड' खाली 'दुकान' आणि 'चाचणी', नावं टिंब देऊन जोडायची. सर्व्हर आणि वॉच सोबत चालवायचं काम त्याच्या जोडीच्या यूटिल्स पॅकेजमधल्या 'कन्करंट'कडं दिलं, विंडोजवरही बिनबोभाट चाललं. जेसनमध्ये फक्त 'स्टार्ट' ठेवलं, ते एनपीएसला हाक मारतं. आणखी पॅकेजं वाढली हे मला आवडलं नाही. सहाच स्क्रिप्ट असत्या तर जेसनमध्येच ठेवल्या असत्या. 34 च्या 13 झाल्या. डेटा पुसणारीचं नाव आता 'डेमो डॉट सगळं-पुसून-भर' असं आहे, आणि डेटाबेसचं नाव हातानं टाईप केल्याशिवाय ती हलत नाही.

काकांच्या पट्ट्या दोन संध्याकाळी परत भरल्या. मी कच्च्या वहीतून वाचायचो, ते टाकायचे. अबक पाटलाची एक पट्टी त्यांनी मुद्दाम ठेवून घेतली. मी दुकानात गेलो की अजून विचारतात, "पाटलाचं पेमेंट कवा?"