कथासंग्रह-वाचन : चौथ्या महिन्याची नोंद

या महिन्यात तीन कथासंग्रह वाचायचे ठरवले होते. वाचून झाला एकच. पण त्याची खंत नाही, कारण मागच्या महिन्यांत मी एका बैठकीत चार-चार कथा संपवत असे आणि आठवड्याभरात एका कथेतील मावशी दुसऱ्या कथेतील घरात राहायला गेलेली असे. कथा एका बैठकीत, अर्ध्या तासापासून फार तर दोन तासांत वाचून व्हावी, असे एडगर अ‍ॅलन पो यांनी १८४२ मध्येच लिहून ठेवले आहे. मी तो निकष बहुधा अख्ख्या संग्रहाला लावत होतो.

आता दिवसाला एकच कथा, आणि तीही अनुक्रमणिकेच्या क्रमाने, असा नियम केला आहे. त्याचे फळ जेम्स जॉइस यांच्या ‘डब्लिनर्स’मध्ये (१९१४) मिळाले. या संग्रहात १५ कथा आहेत. पहिल्या कथेतील मुलगा रोज रात्री रस्त्यावरून एका खिडकीचा उजळलेला चौकोन निरखतो, कारण आत एक धर्मगुरू अंथरुणाला खिळलेले आहेत आणि ते गेले तर पडद्यावर मेणबत्त्यांचा उजेड दिसेल, हे त्याला ठाऊक असते. शेवटच्या ‘द डेड’मध्ये गॅब्रिएल हॉटेलच्या खोलीत काचेवरची हलकी टकटक ऐकून खिडकीकडे वळतो आणि बाहेर पडणारा बर्फ पाहतो, त्याच्याही मनात तेव्हा एक मृत माणूस असतो, ज्याला त्याने कधी पाहिलेले नाही. ही कथा मी पूर्वी सुटी वाचली होती आणि ती आवडलीही होती, पण खिडकी तेव्हा माझ्या लक्षातच आली नव्हती.

दुसरी सवय म्हणजे कथा संपताच तिचा आरंभ पुन्हा वाचणे. याच संग्रहातील ‘एव्हलिन’च्या अखेरीस नायिका बंदरावरच्या लोखंडी कठड्याला दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहते, मागे जाऊन पाहिले, तर पहिल्याच परिच्छेदात तिने खिडकीच्या पडद्याला डोके टेकलेले आहे आणि नाकात त्या कापडाच्या धुळीचा वास आहे. ‘आफ्टर द रेस’ मात्र दोनदा वाचूनही फिकीच वाटली.

वहीत प्रत्येक कथेसाठी एकच वाक्य लिहितो. ‘क्ले’मधील मारिया गाण्याचे पहिलेच कडवे चुकून दुसऱ्यांदा म्हणते आणि कोणीही तिला ती चूक दाखवत नाही, त्या कथेचे वाक्य मी तीनदा लिहून खोडले आहे आणि ती ओळ अजून कोरीच आहे.