नवं हॉटेल हरित बांधताना: माझा अनुभव

हॉटेलच्या प्रकल्पावर मालकांच्या वतीने समन्वयाचं काम मी हाती घेतलं, तेव्हा इमारत हरित असावी एवढं ठरलेलं होतं. हरित म्हणजे नेमकं काय, हे ठरायचं होतं. सुरुवातीच्या बैठका मानांकनाभोवतीच, म्हणजे इमारत किती हरित आहे हे तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या पद्धतींभोवतीच फिरल्या. ब्रिटनचं ब्रीॲम १९९०पासूनचं, अमेरिकेचं लीड १९९८पासूनचं. तिसरं एज, त्यात ऊर्जा, पाणी आणि बांधकाम साहित्य तयार करताना खर्च झालेली ऊर्जा या तिन्हींत किमान २० टक्के बचत दाखवावी लागत होती. आम्ही लीड निवडलं. त्यात ४० गुणांना साधं प्रमाणपत्र, ५०ला सिल्व्हर, ६०ला गोल्ड आणि ८०ला प्लॅटिनम. गुणांचा तक्ता समोर आला की सगळ्यांची नजर आधी स्वस्तात मिळणाऱ्या गुणांवर जाते, आणि त्यातले बरेचसे हॉटेलच्या रोजच्या खर्चाला हातही लावत नाहीत. म्हणून मी एकच प्रश्न लावून धरला: मध्यरात्री, निम्म्या खोल्या रिकाम्या असताना, ही इमारत किती वीज आणि किती पाणी घेणार?

ऑफिस संध्याकाळी बंद होतं. हॉटेल कधीच बंद होत नाही, आणि पूर्णही क्वचितच भरतं. एनर्जी मॉडेल, म्हणजे इमारतीच्या वीजवापराचा संगणकावरचा अंदाज, करणाऱ्या सल्लागारांनी पहिला अहवाल दिला तो वर्षभर एकाच सरासरी भरणीचा. आम्ही त्यांच्याकडून तीन वेगळे हिशेब मागितले: ३०, ६० आणि ९० टक्के खोल्या भरलेल्या असताना. त्या तुलनेने पुढची सगळी दिशा ठरली. पाहुणे एक तृतीयांशावर आले तरी वीज त्या प्रमाणात उतरत नव्हती, कारण कॉरिडॉरची थंड हवा, ताज्या हवेची युनिट्स, गरम पाण्याचं सतत फिरणारं चक्र, स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट आणि पंप हे सगळं पाहुणे असोत-नसोत चालूच राहत होतं. हरित हॉटेलची खरी लढाई इथे आहे असं माझं ठाम मत तेव्हा बनलं.

इमारतीची दिशा आणि काचा हा विषय त्या मानाने लवकर सुटला. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन छज्जाने अडत नाही, म्हणून इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली आणि खोल्यांची तोंडं उत्तर-दक्षिण. इंटिरियर डिझायनरना जमिनीपासून छतापर्यंत काच हवी होती. आम्ही मॉकअप रूममध्ये, म्हणजे आधी बांधलेल्या नमुना खोलीत, खालचा भाग भिंतीसारखा झाकून दाखवला. पलंगावर बसलेल्या माणसाला दृश्य तेवढंच दिसत होतं, आणि गुडघ्याखालच्या काचेतून उष्णतेशिवाय काही मिळत नव्हतं. उन्हातली फक्त पाव हिस्सा उष्णता आत सोडणारी, पण प्रकाश बऱ्यापैकी येऊ देणारी लो-ई काच निवडली. काचेचं प्रमाण बाह्य भिंतीच्या ४० टक्क्यांखाली आलं, तसा चिलरचा, म्हणजे इमारत थंड करणाऱ्या मध्यवर्ती यंत्राचा, आकारही कमी झाला. काच चांगली घेतल्याचा वाढीव खर्च बराचसा तिथेच वळता झाला.

गरम पाण्यावर मात्र आम्ही सर्वांत जास्त वेळ दिला, आणि तो द्यायलाच हवा होता. लीडच्या हिशेबात साधा शॉवर मिनिटाला ९.५ लिटर धरतात. आठ मिनिटांच्या अंघोळीला ७६ लिटर झाले. ६.६ लिटरचा शॉवर लावला की तेच ५३वर येतं, आणि वाचलेलं प्रत्येक लिटर हे तापवलेलं लिटर असतं. पण शॉवर कॅटलॉगवरून निवडू नये. आम्ही वेगवेगळे नमुने मॉकअप रूममध्ये लावले, सर्वांत वरच्या मजल्यावर मिळेल तेवढाच दाब ठेवला आणि टीममधल्या लांब केसांच्या सहकाऱ्यांना शॅम्पू धुऊन पाहायला सांगितलं. काही नमुने तिथेच बाद झाले. कमी पाण्याचा वाईट शॉवर लावला तर पाहुणा दुप्पट वेळ उभा राहतो किंवा तक्रार करतो, आणि मग देखभालवाले पाणी कमी करणारी आतली जाळी काढून टाकतात.

पाणी तापवायला बॉयलरऐवजी हीट पंप घेतले; ते उष्णता तयार करण्याऐवजी आजूबाजूची उष्णता ओढून पाण्यात सोडतात. एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते. शिवाय चिलर जी उष्णता बाहेर फेकून देतो, तिचा काही भाग पाण्याच्या पूर्वतापनासाठी वळवला. हॉटेलला थंडावा आणि गरम पाणी दोन्ही एकाच दिवशी लागतं, ही या व्यवसायाची मोठी सोय आहे आणि ती वाया घालवणं मला पटत नाही. इथे एक सीमा कडक पाळावी लागते. फुप्फुसांचा गंभीर आजार करणारा लिजिओनेला जिवाणू साधारण २० ते ४५ अंशांत वाढतो. त्यामुळे बचतीच्या नावाखाली टाकीचं तापमान उतरवायचं नाही. साठवण ६० अंशांवर आणि चक्रातून परत येणारं पाणी ५०च्या वर, हे कंत्राटातच लिहिलं. बचत करायची ती पाइपांच्या इन्सुलेशनमधून आणि मुख्य पाइपापासून नळांकडे जाणाऱ्या फांद्या आखूड ठेवून. बाथरूमच्या शाफ्टपासून नळापर्यंतचं अंतर कमी असेल तर पाहुणा गरम पाण्याची वाट पाहत थंड पाणी सोडून देत नाही, आणि रिकाम्या खोलीत साचून राहणारं पाणीही थोडंच असतं.

दुसरा दुर्लक्षित विषय म्हणजे दमट हवा. बाथरूमचे एक्झॉस्ट दिवसरात्र चालतात. ते जितकी हवा ओढतात तितकी कोरडी केलेली ताजी हवा खोलीत सोडली नाही, तर बाहेरची दमट हवा भिंतींच्या फटींतून आत शिरते. थंड भिंतीवर व्हायनिल वॉलपेपर असेल तर ओल त्याच्यामागे अडकते आणि बुरशी धरते. दमट हवामानातल्या हॉटेलांचा हा जुना आजार आहे. आम्ही प्रत्येक खोलीत ताजी हवा एक्झॉस्टपेक्षा किंचित जास्त ठेवली, ती मध्यवर्ती युनिटमध्ये आधीच कोरडी करून घेतली, आणि बाहेर जाणाऱ्या हवेतला थंडावा आत येणाऱ्या हवेला देणाऱ्या फिरत्या चाकाने, म्हणजे रिकव्हरी व्हीलने, परत मिळवला. बाह्य भिंतींवर व्हायनिलऐवजी श्वास घेणारा रंग दिला.

यातूनच रिकाम्या खोलीचा प्रश्न सुटला. की-कार्ड काढल्यावर दिवे जातात, पण तेवढ्याने काम होत नाही, कारण कितीतरी पाहुणे खाचेत दुसरंच कार्ड ठेवून जातात. आम्ही दाराचा संपर्क स्विच आणि हालचाल ओळखणारा सेन्सर एकत्र वापरला, बाल्कनीचं दार उघडं राहिलं की थंडावा थांबेल अशी जोडणी केली आणि फ्रंट ऑफिसच्या सॉफ्टवेअरशी खोल्या जोडल्या. विकली न गेलेली खोली जास्त तापमानावर सोडता येते, कारण कोरडी हवा वेगळ्या वाटेने येतच असते. ती वाट नसती तर तापमान सोडल्यावर आठवड्याभरात खोलीला कुबट वास आला असता. चेक-इनच्या थोडं आधी खोली पुन्हा थंड होते. रिसेप्शनवरून खोल्या वाटतानाही कमी गर्दीच्या दिवसांत मजल्यामागून मजला भरत जायचं ठरलं, म्हणजे बाकीचे मजले मंदावर ठेवता येतात.

काँक्रीटबद्दल स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि कंत्राटदार यांच्यात बरीच ओढाताण झाली. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७-८ टक्क्यांच्या घरात आहे, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग भट्टीच्या इंधनातून नव्हे तर चुनखडी फुटताना बाहेर पडतो. म्हणजे इंधन बदलून तो जात नाही, सिमेंटच कमी करावं लागतं. आम्ही लोखंडाच्या भट्टीतल्या मळीने, म्हणजे स्लॅगने, निम्मं सिमेंट बदलायचं म्हटलं.

कंत्राटदाराचे इंजिनिअर म्हणाले, "मॅडम, स्लॅगचं काँक्रीट सुरुवातीला हळू ताकद धरतं. सेंटरिंग वेळेत निघालं नाही तर मजल्यांचं चक्रच बसतं."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. म्हणून जिथे घाई नव्हती तिथे स्लॅगचं प्रमाण वाढवलं. राफ्ट, म्हणजे पायाचा जाड स्लॅब, आणि तळघराच्या भिंतींवर पूर्ण भार यायला महिने लागतात, तेव्हा तिथे नेहमीच्या २८ऐवजी ५६ दिवसांची ताकद ग्राह्य धरली. जाड राफ्टमध्ये स्लॅगमुळे आतली उष्णताही कमी राहते, त्यामुळे तडे जाण्याची भीती घटते. वरच्या स्लॅबमध्ये प्रमाण कमी ठेवलं. वेळापत्रक हललं नाही.

मग खर्च वाढला, आणि व्हॅल्यू इंजिनिअरिंगची, म्हणजे खर्चकपातीची, बैठक लागली. कोणत्याही हरित प्रकल्पाची परीक्षा तिथे होते. कपातीची यादी हातात आली तेव्हा तिच्यात प्रत्येक विभागाची वीज वेगळी मोजणारे सब-मीटर होते, पंपांचा वेग गरजेप्रमाणे बदलणारे व्हीएफडी होते, पाइपांच्या इन्सुलेशनची जाडी होती, कमिशनिंग, म्हणजे यंत्रणा ठरल्याप्रमाणे चालतात का याची तपासणी, करणाऱ्या स्वतंत्र संस्थेचं शुल्क होतं. लॉबीतली हिरवी भिंत आणि प्रवेशद्वारावरचे सोलर पॅनेल त्या यादीत नव्हते. जे पाहुण्याला दिसतं ते सुरक्षित, जे फॉल्स सीलिंगच्या वर आहे ते आधी कापलं जातं. मालकांना मी एकच आकडेमोड दाखवली. पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणून वेग ८० टक्क्यांवर आणला की शक्ती साधारण ५१ टक्क्यांवर येते. वर्षातला बहुतेक काळ हॉटेल पूर्ण भाराखाली नसतं, म्हणजे हे पंप बहुतेक काळ हळूच चालणार. व्हीएफडी राहिले. इन्सुलेशन राहिलं. हिरवी भिंत लहान झाली, आणि मला त्याचं दुःख नाही: तिला रोज पाणी, खत आणि दिवे लागतात. तीच जागा अंगणातल्या झाडांना द्यावी, असं मी सांगितलं.

लाँड्रीसाठी यंत्रं घेताना एक गोष्ट आवर्जून पाहावी. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६३ युनिट लागतात, तेही ड्रायरने एक थेंबही उष्णता वाया घालवली नाही असं धरून. तेच पाणी वॉशरने जोरात फिरवून पिळून काढलं तर विजेचा खर्च त्याच्या तुलनेत नगण्य असतो. म्हणून किमतीच्या रकान्याआधी स्पिनच्या वेगाचा रकाना वाचायचा. शेवटच्या खळबळण्याचं पाणी पुढच्या पहिल्या धुण्याला वापरायची टाकीही बसवली.

चिलरमधल्या वायूबद्दल थोडक्यात: आर-१३४ए हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट तापवणारा आहे. २०१६च्या किगाली करारानंतर अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने उतरणार हे उघड आहे. वीस वर्षं चालणाऱ्या यंत्रात तो भरणं मला मान्य नव्हतं. कमी तापवणाऱ्या वायूचं यंत्र मिळायला जास्त वेळ लागला, म्हणून त्याची ऑर्डर इतर यंत्रांच्या बरीच आधी दिली.

काम संपत आलं तेव्हा सगळ्यांना उद्घाटनाची घाई होती. रंग, गालिचे, प्लायवूड यांतून निघणारे वायू बाहेर काढण्यासाठी लीडमध्ये दर चौरस मीटरमागे ४,२६७ घनमीटर ताजी हवा खेळवायचा मार्ग आहे. तेवढी हवा एकदम फिरवायला दिवस लागतात, आणि ते दिवस वेळापत्रकात सुरुवातीपासून लिहिलेले असले तरच मिळतात. आम्ही ते सुरुवातीलाच लिहून ठेवले होते. त्याच काळात कमिशनिंग झालं. स्वतंत्र टीमने प्रत्येक मजल्यावर एक्झॉस्ट मोजला, तेव्हा वरच्या मजल्यांवर हवा नीट ओढली जात होती आणि खालच्या मजल्यांवर जवळजवळ नाही. शाफ्टच्या सांध्यांमधून गळती होती. जिप्समचं पॅनेल अजून पूर्ण बंद झालं नव्हतं म्हणून सांधे भरता आले. उद्घाटनानंतर हेच कळलं असतं तर खोल्या बंद ठेवून भिंती फोडाव्या लागल्या असत्या.

कर्मचाऱ्यांना आम्ही उद्घाटनाआधी यंत्रांजवळ नेलं. हाउसकीपिंगच्या बायकांनी तिथल्या तिथे एक सूचना केली: खोली आवरताना त्या बाल्कनीचं दार उघडतात, तेव्हा थंडावा बंद होतो आणि दार लावल्यावर खोली लगेच कडक थंड करायचा प्रयत्न करते. तो वेग कमी केला. टॉवेलच्या कार्डावर काय लिहावं यावरही चर्चा झाली. गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि ग्रिस्केव्हिशियस यांनी २००८ साली एका हॉटेलातला प्रयोग प्रसिद्ध केला. पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा, असं सांगितल्यावर सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी ऐकलं. इथले बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात, असं लिहिल्यावर प्रमाण सुमारे ४४ टक्क्यांवर गेलं. आम्ही पहिले काही महिने साधं कार्ड ठेवलं. बहुतेक पाहुणे खरंच तसं करतात हे लाँड्रीच्या नोंदींत दिसल्यावरच दुसरा मजकूर छापला, कारण पाहुण्यांना खोटं सांगायचं नव्हतं.

हॉटेल सुरू झाल्यावर मी एक आलेख रोज काढायला लावला. आडव्या अक्षावर त्या दिवशी भरलेल्या खोल्या, उभ्या अक्षावर त्या दिवसाची वीज. ठिपक्यांमधून जाणारी रेघ शून्य खोल्यांपाशी जिथे उभ्या अक्षाला टेकते, ती इमारतीची पाहुण्यांशिवायची भूक. दर भरलेल्या खोलीमागची वीज हा नेहमीचा आकडा गर्दीच्या महिन्यात आपोआप सुंदर दिसतो. हा आलेख गर्दीने फसत नाही. बांधकाम बहुतांशी पूर्ण झाल्यापासून दहा महिन्यांच्या आत इमारतीचं कामकाज पुन्हा तपासायचं, अशी लीडमधल्या वाढीव कमिशनिंगच्या गुणांची अट होती. त्या तपासणीत ही रेघ मॉडेलपेक्षा वर टेकत होती. सब-मीटर असल्यामुळे कारण शोधायला फिरावं लागलं नाही: स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट रात्री शेगड्या बंद झाल्यावरही पूर्ण वेगाने चालू होता, आणि तो बाहेर फेकत असलेल्या हवेची जागा भरायला थंड केलेली हवा आत येत होती. शेगड्यांवरच्या धुराड्यात, म्हणजे हूडमध्ये, उष्णता आणि धूर ओळखणारे सेन्सर होते, पण कुणीतरी कंट्रोल पॅनेल मॅन्युअलवर टाकून ठेवलं होतं. शेफशी बोलून ते ऑटोवर आणलं, रात्रीचा किमान वेग त्यांच्याच सांगण्यावरून ठरवला आणि मॅन्युअल स्विचला वेळेची मर्यादा घातली. रेघ खाली आली. जलतरण तलावाच्या पंपांची तपासणी आता चालू आहे.